चालत्या चित्रांची विद्या आणि वृत्ती

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, दिल्ली दरवाजातून बाहेर पडून उत्तरेची वाट धरली म्हणजे थोड्याच वेळात हर्सूल लागते. हर्सूल म्हटले की परगावच्या माणसाला तेथील मध्यवर्ती कारागृह आठवते. शहरवासीयाला तलाव आठवतो. परंतु हर्सूलची आणखी एक ओळख सांगण्याजोगी आहे. शहरातून अजिंठ्याला जाणारा रस्ता येथूनच जातो. फुलंब्री आणि सिल्लोड मागे टाकीत सुमारे शंभर किलोमीटरांवर हा रस्ता वाघूर नदीच्या खोऱ्याशी पोहोचतो. भिंतीवरील चित्रांतून कथा सांगण्याची कला या देशात किती उंचीला गेली होती, ते त्या खोऱ्यातील लेणी पाहिल्यावाचून कळावयाचे नाही. आज याच रस्त्यावरील घरांत, आणि खरे पाहता महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात, दहावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी एके दिवशी आईवडिलांना सांगते की आपल्याला ॲनिमेशन शिकावयाचे आहे. घरात मग प्रश्न उभा राहतो. ही विद्या आहे की नुसता छंद? तीवर संसार चालेल काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर जाहिरातींत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे अधिक हिताचे आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. मराठीत तिला सचेतनपट असे नाव आहे. बोलताना लोक कार्टून म्हणतात. नेहमीच्या चित्रपटात कॅमेऱ्यासमोर माणूस खरोखरीच चालतो आणि कॅमेरा त्या चालण्याचे तुकडे टिपीत जातो. सचेतनपटात कॅमेऱ्यासमोर कोणीही चालत नाही. तेथे प्रत्येक तुकडा हाताने निर्माण करावा लागतो. एक चित्र काढावयाचे, त्याचा फोटो घ्यावयाचा. मग किंचित बदललेले दुसरे चित्र काढावयाचे, त्याचा फोटो घ्यावयाचा. आणि असे हजारो वेळा करावयाचे. पडद्यावर एका सेकंदात अशी चोवीस चित्रे सरकली म्हणजे डोळा आणि मेंदू यांच्या एका जुन्या सवयीमुळे ती सुटी चित्रे न दिसता सलग हालचाल दिसू लागते. म्हणून या कलेतील खरे कसब चित्र सुरेख काढण्यात जितके आहे, त्याहून अधिक एका चित्रातून दुसऱ्यात किती अंतर ठेवावयाचे हे ओळखण्यात आहे. अंतर थोडे ठेवले तर हालचाल संथ दिसते, अधिक ठेवले तर वेगवान. चेंडू वर जाताना शेवटी मंदावतो आणि खाली येताना वेग घेतो, हे ज्याच्या हाताला ठाऊक नाही, त्याचा चेंडू कितीही गोल व चकचकीत असला तरी कागदी वाटतो.

कथेला चित्रांच्या मालिकेतून पुढे नेण्याची कल्पना मात्र चित्रपटाहून फार जुनी आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा रंगविलेली आहे. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुनःपुन्हा दिसतो: येथे तो राजवाड्यात आहे, पुढे रथातून नगर सोडून जात आहे, आणखी पुढे वनात आपली मुले दान करीत आहे. चित्र स्थिर असते आणि पाहणारा चालत असतो. त्याच्या चालण्याने कथा पुढे सरकते. ही चित्रे एका हाताची नव्हेत. आधी खडकावर माती, भुसा व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा द्यावयाचा, त्यावर चुन्याचा पातळ थर, मग तांबड्या रेषेची आखणी, मग रंग आणि शेवटी पुन्हा रेषा, अशी कामाची वाटणी होती. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेण याच्या अमलात, या कामाला मोठा बहर आला; आणि आश्रय आटला तेव्हा काम जेथल्या तेथे थांबले. चोविसावे लेणे अर्धवट कोरलेले तसेच राहिले आहे. त्या अपुऱ्या लेण्यात डोंगर कसा फोडीत नेत असत ते स्पष्ट दिसते, आणि आश्रय तुटला म्हणजे कलेचे काय होते तेही दिसते. पुढील हकिगतीत ही दुसरी गोष्ट वारंवार आठवावी लागेल.

अजिंठा शहराच्या उत्तरेस, तर दक्षिणेस पैठण. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथी शैली हे या परंपरेचे लोकांमधील रूप होय. चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरतो आणि गाऊन कथा सांगतो. अशा चित्रांचा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतो. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने ही कला कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या यांसह आजवर सांभाळली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देऊन सरकारने तिचा गौरव केला. येथे चित्र हालत नाही, परंतु चित्र बदलते आणि आवाज त्या बदलाला जोडून धरतो. आजच्या सचेतनपटाची आखणी करताना भिंतीवर ओळीने चित्रे लावून कथा सांगतात, त्या रीतीशी चित्रकथ्याच्या पोथीचे साम्य कोणाच्याही ध्यानात यावे.

चित्र प्रत्यक्ष हालू लागले ते कल्याणात. १८९२ साली महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडण्याचा खेळ सुरू केला आणि त्याला ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. एका काचेवरून दुसरी काच सरकवून, एक चित्र विझवीत दुसरे उजळवीत, त्यांनी पुराणातील प्रसंगांना हालचालीचा भास दिला. योगायोग असा की त्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १८९२ रोजी, पॅरिसमध्ये एमिल रेनो याने हाताने रंगविलेल्या लांब पट्ट्यांवरची चालती चित्रे लोकांपुढे दाखविली. ल्युमिएर बंधूंचा चित्रपट मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला तो १८९६ सालच्या जुलैत. म्हणजे चित्रपट येण्याच्या चार वर्षे आधी कल्याणचा एक गृहस्थ आणि पॅरिसचा एक कारागीर, परस्परांना न ओळखता, एकाच दिशेने चालले होते. पटवर्धनांचा खेळ त्यांच्या मुलांनी पुढे चालविला. परंतु ती विद्या घराबाहेर फारशी गेली नाही.

यानंतर नाव येते धुंडिराज गोविंद फाळके यांचे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या चित्रपटाची पहिली पायरी सचेतनपटाची होती, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. याच शाळेचे प्राचार्य ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करविल्या होत्या आणि ते काम १८८५ सालीच संपत आले होते. पुढे फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग असे अनेक उद्योग त्यांनी केले. १९१२ च्या आरंभी ते विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले. परंतु चित्रपटाला भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर ते बी मिनिटभरात अंकुरले, वाढले आणि वेल झाले. ‘अंकुराची वाढ’ हा तो लहानसा पट पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचा व्यापार करणाऱ्या एका परिचिताने पैसे देण्याचे कबूल केले. सरस्वतीबाईंनी आपले दागिने गहाण ठेवू दिले. आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. एका राष्ट्राच्या चित्रपटधंद्याचे भांडवल उभे राहिले ते एकेक चित्र थांबून घेण्याच्या या धीरावर, असे म्हणावयास हरकत नाही.

१९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. महायुद्धाचे दिवस होते. पैशाची आणि कच्च्या फिल्मची चणचण होती. मोठा चित्रपट काढणे अवघड, तेव्हा त्यांनी काड्यापेटीतील काड्या मांडल्या. काडी किंचित सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची. मूकपटांच्या त्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चित्रे लागत. या हिशेबाने एका मिनिटाच्या करमणुकीला साडेनऊशेवर वेळा वाकून काड्या हलवाव्या लागतात, आणि मध्येच हाताचा धक्का लागला तर सारे पुन्हा मांडावे लागते. फ्रान्समधील एमिल कोल याने काही वर्षांपूर्वी काड्यांचा असाच प्रयोग केला होता. फाळक्यांचा तो पट आज उपलब्ध नाही, केवळ नोंद उरली आहे. या गोष्टीची खरी खंत पट हरवल्याची नाही. तो हरवण्यापूर्वी त्यातील विद्या कोणी उचलली नाही याची आहे. फाळक्यांच्या हाताखाली नट तयार झाले, कॅमेरा चालविणारे तयार झाले. काड्या हलविणारा शिष्य तयार झाल्याचे दिसत नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेब निवर्तले तेव्हा चित्रपटाचा धंदा भरभराटीत होता, आणि त्यांनी लावलेले हे दुसरे रोप मात्र सुकून गेले होते.

मधल्या काळात प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. १९३४ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जी यांचा ‘द पी ब्रदर्स’ हा लहानसा पट दाखविला. फाळक्यांप्रमाणे येथेही वाटाणाच कामी आला, हे गमतीचे आहे. त्याच वर्षी पुण्यात प्रभात कंपनीने रघुनाथ केळकर यांच्याकडून ‘जंबू काका’ हा कोल्ह्याचा पट करवून घेतला. प्रभातसारखी शिस्तीची व ऐपतीची संस्था पाठीशी असूनही त्या पटातून परंपरा सुरू झाली नाही. कारण उघड आहे. बोलपटाला नट, संगीत आणि कथा असली म्हणजे तिकिटे खपत. दहा मिनिटांच्या चित्रपटासाठी महिनोन् महिने चित्रकार पोसणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते. ज्याने एक पट केला तो दुसरा करावयास उरला नाही, आणि जो दुसरा करावयास आला त्याला पहिल्याचे अनुभव मिळाले नाहीत. १९१२ पासून सुमारे चाळीस वर्षे प्रत्येक जण पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करीत होता.

या काळात अमेरिकेत नेमके उलट घडले. विन्झर मॅकेने १९१४ साली ‘गर्टी’ या डायनोसॉरचा पट केला तेव्हा त्याला प्रत्येक चित्रात मागचा देखावाही पुन्हा काढून घ्यावा लागला. सुमारास त्याच वेळी अर्ल हर्ड याने पारदर्शक सेल्युलॉइडच्या तक्त्यावर फक्त पात्र काढून ते स्थिर देखाव्यावर ठेवण्याची युक्ती काढली. या एका युक्तीने काम वाटून घेणे शक्य झाले. देखावा एकाने, पात्र दुसऱ्याने, शाई तिसऱ्याने, रंग चौथ्याने, असा कारखाना उभा राहिला. कारखाना उभा राहिल्यावर वेतन आले, वेतनाबरोबर उमेदवार आले, आणि उमेदवारांना शिकविण्यासाठी वर्ग निघाले. वॉल्ट डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ १९३७ साली पडद्यावर आला तो एका माणसाच्या प्रतिभेवर नव्हे, तर अशा शेकडो शिकविलेल्या हातांवर.

भारतात ही घडी बसली १९५६ साली, आणि तीही मुंबईत. १९४८ साली केंद्र सरकारने स्थापन केलेल्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उघडण्यात आला. अमेरिकेच्या तांत्रिक साह्याच्या योजनेतून क्लेअर वीक्स हा डिस्नेच्या कारखान्यातील मुरलेला चित्रकार शिकविण्यास आला. हा गृहस्थ मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेला होता आणि ‘बांबी’ या हरिणाच्या पाडसाच्या चित्रपटावर त्याने काम केले होते. मुंबईत त्याच्या देखरेखीखाली जो पट तयार झाला तोही हरिणाचाच. १९५७ सालचा ‘द बनियन डिअर’ हा जातककथेवर आधारलेला आहे. राजाच्या शिकारीसाठी पाळीने एकेक हरिण मरावयाचे ठरलेले असते. गाभण हरिणीची पाळी येते तेव्हा कळपाचा नायक तिच्याऐवजी आपली मान पुढे करतो, आणि ते पाहून राजा साऱ्याच हरिणांना अभय देतो. या पटातील आकृतींचे वळण अजिंठ्याच्या भिंतींवरून घेतले होते. हर्सूलवरून जाणाऱ्या वाटेच्या टोकाशी दीड हजार वर्षे स्थिर उभी असलेली रेषा या पटात प्रथमच चालू लागली. परंतु या पटाचे खरे महत्त्व त्याच्या रेषेत नाही. तो करता करता एक वर्ग शिकून तयार झाला, यात आहे.

त्या वर्गात काय शिकविले जाई, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण साधने बदलली असली तरी क्रम आजही तोच आहे. आरंभी कथा लहान लहान चित्रांत मांडून भिंतीवर लावतात. प्रसंग कोठे रेंगाळतो, कोठे उडी मारतो, ते येथेच दिसते, आणि येथे केलेली दुरुस्ती सर्वांत स्वस्त पडते. नंतर संवाद व संगीत ध्वनिमुद्रित करतात. बोलणाऱ्याचा प्रत्येक अक्षराला किती चित्रे लागतात ते मोजून एका तक्त्यावर लिहितात. पुढचे सारे काम त्या तक्त्याच्या आज्ञेत चालते. मग मुख्य चित्रकार हालचालीतील मोक्याच्या अवस्था काढतो. समजा, म्हातारी जमिनीवरची घागर उचलून कमरेवर घेते. ती वाकते, हात घालते, भाराने क्षणभर थबकते, घागर उचलते आणि तोल सावरते. ही झाली मुख्य चित्रे. त्यांच्यामधली चित्रे साहाय्यक भरतो. कागदांना खाली ठरावीक भोके असतात आणि ती मेजावरील खुंट्यांत बसतात, म्हणून एकावर एक ठेवलेली शेकडो चित्रे केसभरही सरकत नाहीत. मेजाला काच असते आणि खाली दिवा, म्हणजे मागचे चित्र दिसत राहते.

पेन्सिलीची ही चित्रे आधी तशीच टिपून चालवून पाहतात. चूक सापडते ती बहुधा येथे. घागर रिकामी वाटते, कारण उचलण्यापूर्वी म्हातारी पुरेशी वाकली नाही. ती माणूस न वाटता कळसूत्री बाहुली वाटते, कारण तिचे डोके, खांदा आणि हात एकाच क्षणी थांबले. मग चित्रे फेकून पुन्हा काढावयाची. ती मनासारखी झाली म्हणजे सेल्युलॉइडवर शाईने उतरवून पाठीमागून रंग भरीत आणि देखाव्यावर ठेवून, वरून खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने एकेक चित्र टिपीत. दहा मिनिटांच्या पटाला चौदा हजार चारशे चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींपुरते ठेवण्याची सवलत घेतली तरी सात हजार दोनशे चित्रे हवीत, आणि पडद्यावर पात्रे दोन-तीन असली की आकडा तितक्या पटीने वाढतो. प्रेक्षक मात्र एकही चित्र चित्र म्हणून पाहत नाही. त्याला केवळ म्हातारी दिसते. काम उत्तम झाल्याची खूण हीच, की ते काम दिसू नये.

या वर्गातून पुढे आलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे राम मोहन. १९३१ साली जन्मलेले राम मोहन मद्रास विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे पदवीधर होते. १९५६ साली ते कार्टून विभागात शिरले तेव्हा घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आजच्या पालकांना करता येण्याजोगी आहे. बारा वर्षे सरकारी विभागात हात तयार करून १९६८ साली ते बाहेर पडले आणि १९७२ साली त्यांनी मुंबईत स्वतःची संस्था काढली. जाहिराती, शिक्षणपट, इतरांच्या चित्रपटांतील लहान तुकडे, असे जे काम आले ते त्यांनी केले. सत्यजित राय यांच्या १९७७ सालच्या ‘शतरंज के खिलाडी’तील सचेतन भाग त्यांचा. जपानच्या युगो साको यांच्याबरोबर केलेला रामायणावरील पूर्ण लांबीचा चित्रपट १९९२ साली पुरा झाला, म्हणजे या धंद्यात शिरल्यावर छत्तीस वर्षांनी. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१९ साली ते निवर्तले. त्यांच्या चरित्रात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. मोठे काम हाती येण्यापूर्वी त्यांनी तीन तपे लहान काम मनापासून केले. आणि त्यांच्या संस्थेतून जितकी चित्रे बाहेर पडली तितकेच चित्रकारही बाहेर पडले.

याच सरकारी आश्रयाचे दुसरे फळ घराघरांत पोहोचले. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी १९७४ साली ‘एक अनेक और एकता’ हा शिक्षणपट केला. त्याची चित्रे भीमसेन यांची. पारध्याच्या जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची ती गोष्ट पुढे दूरदर्शनवरून इतक्या वेळा दाखविली गेली, की एका पिढीला ती पाठ झाली. काही मिनिटांच्या पटाने एवढे साधले, कारण तो करणाऱ्यांना मुलांचे मन ठाऊक होते आणि तिकिटविक्रीची धास्ती नव्हती. फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तो कार्टून विभाग आता इतिहासाचा भाग आहे.

पुढच्या काळात आश्रयाचे स्वरूप पालटले. नव्वदीच्या दशकापासून दूरचित्रवाणीच्या वाहिन्या वाढल्या आणि परदेशी मालिकांतील मधली चित्रे भरण्याचे काम कंत्राटाने येथे येऊ लागले. २००५ साली व्ही. जी. सामंत यांनी दिग्दर्शित केलेला ‘हनुमान’ चित्रपटगृहांत चालला तेव्हा मोठा उत्साह पसरला. शहरोशहरी शिकवण्या निघाल्या. अनेक मुलांना वर्षा-दोन वर्षांत संगणकाच्या कळा शिकविल्या गेल्या. चेंडू कसा पडतो, म्हातारी कशी वाकते, हे पाहावयास मात्र फार थोड्यांना शिकविले गेले. कंत्राट होते तोवर अशा मुलांना काम होते. कंत्राट दुसऱ्या देशात गेले की माणसे घरी बसली. अजिंठ्याचे अपुरे लेणे येथे पुन्हा आठवते. भेद इतकाच, की ज्याच्या हाती विद्या होती तो दुसऱ्या कामाला लागू शकला, आणि ज्याच्या हाती केवळ एका यंत्राची सवय होती त्याची यंत्र बदलताच अडचण झाली.

विद्या हाती असल्याचे उदाहरण पाहावयाचे तर मुंबईच्या गीतांजली राव यांचे पाहावे. फाळके ज्या जे. जे.च्या आवारात शिकले, तेथील उपयोजित कलेच्या संस्थेतून १९९४ साली त्या बाहेर पडल्या आणि सचेतनपटाचे धडे त्यांनी राम मोहन यांच्या संस्थेत गिरविले. एकाकी वृद्धा आणि तिची मांजर यांच्यावरील ‘प्रिंटेड रेनबो’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा पट त्यांनी वर्षानुवर्षे खपून बव्हंशी एकहाती रंगविला. २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक-सप्ताहात तो गौरविला गेला. त्यानंतर ‘बॉम्बे रोझ’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट पडद्यावर यावयास २०१९ साल उजाडले. वीक्सपासून राम मोहन आणि राम मोहनांपासून ही पुढची पिढी, अशी गुरुपरंपरेची साखळी येथे स्पष्ट दिसते. फाळक्यांना जी मिळाली नाही ती हीच. फाळक्यांची प्रतिभा कोणापेक्षा उणी नव्हती. उणा होता तो मागचा-पुढचा दुवा.

आता संगणकाविषयी. १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्ण संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला आणि सेल्युलॉइड, शाई, खुंट्या हळूहळू अडगळीत गेल्या. संगणकात पात्राची मूर्ती घडवितात, तिच्या आत सांधे बसवितात, मोक्याच्या अवस्था ठरवितात. मधल्या अवस्था यंत्र भरते. अलीकडे तर वर्णन लिहून दिले की हालते चित्र तयार करणारी यंत्रेही आली आहेत. यामुळे मधली चित्रे भरण्यावर ज्यांची गुजराण होती त्यांचे काम कमी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु घागर भरलेली आहे की रिकामी, हे म्हातारीच्या पाठीच्या कण्यावरून दाखवावयाचे असते, आणि कोणती घागर किती जड हे यंत्राला सांगावयास माणूस लागतो. यंत्राने भरलेली मधली चित्रे अनेकदा गुळगुळीत परंतु निर्जीव असतात. ती पाहून “येथे भार नाही” असे म्हणू शकणारा डोळा ज्याचा, त्याला काम आहे.

तेव्हा ज्या घरात हा प्रश्न निघाला आहे, तेथे इतिहासाचा कौल काही असा पडतो. मुलाला कार्टून पाहणे आवडते, ही पात्रतेची खूण नव्हे. तो रोज काही काढतो काय, बसथांब्यावरच्या माणसांचे उभे राहणे न्याहाळतो काय, आणि काढलेले फाडून पुन्हा काढताना त्रासतो की रमतो, हे पाहावे. दुसरे, शिक्षणसंस्था निवडताना तेथील यंत्रे मोजण्याआधी तेथे शिकविणाऱ्यांनी स्वतः काय केले आहे ते विचारावे. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था, मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प केंद्र यांसारख्या ठिकाणी प्रवेश कठीण आहे, परंतु तेथे मार्गदर्शन मिळते. आणि तेथवर पोहोचण्याची तयारी आपल्याच शहरातील कला महाविद्यालयात रेखाटनाच्या वर्गात बसूनही करता येते. तिसरे, घरात पैशाचा विचार प्रामाणिकपणे करावा. पहिली काही वर्षे मिळकत थोडी, काम पुष्कळ आणि नाव शून्य असते. श्रेयनामावलीत शेकडो नावांमध्ये आपले नाव बारीक अक्षरात सरकून जाईल, एवढ्यावर ज्याचे समाधान होत नाही त्याने दुसरी वाट पाहावी. अजिंठ्याच्या चित्रकारांना तेवढेही मिळाले नाही.

आणि ज्याच्या ठायी हे सारे आहे, त्याला अडवू नये. या विद्येचे नुकसान आजवर प्रतिभेच्या अभावाने झालेले नाही. कल्याणची खरोलिका, कुंडीतला वाटाणा, पुण्याचा कोल्हा, हे सारे उत्तम आरंभ होते; त्यांना पुढे नेणारा हात वेळेवर मिळाला नाही, म्हणून ते आरंभच राहिले. एखाद्या घराने आपल्या मुलीला दोन वर्षे अधिक शिकू दिले, एखाद्या चित्रकाराने संध्याकाळी चार मुलांना समोर बसवून चेंडू काढावयास लावला, तर तुटलेला एकेक दुवा जोडला जाईल. चित्र एका माणसाच्या हाताने निघते; ते चालते राहावयाचे तर त्याच्यानंतरचे चित्र काढणारा कोणीतरी शेजारी बसलेला असावा लागतो.